भूगोलात आकडे असतात याचा दाखला

भूगोल या विषयात आकडे असतात की नसतात, याची काळजी करण्याचं माझ्यासारख्या माणसाला खरं तर काही कारण नव्हतं. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत साचे भरणारा कामगार. वाळू चाळायची, पेटीत दाबायची, वितळलेलं लोखंड आत जाईल अशी वाट ठेवायची आणि सुट्टी झाली की नाकातली काळी वाळू काढत काकतीची बस पकडायची. पण त्र्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात मी सलग पंधरा दिवस या एकाच प्रश्नामागं धावलो. वाटेत जो भेटेल त्याला विचारलं. एकानंही "मला माहीत नाही" असं उत्तर दिलं नाही. आमच्या भागातल्या माणसांचा हा मोठेपणाच म्हटला पाहिजे.

सुरुवात शेजारच्या रवळूनं केली. रवळू बेळगावला कोर्टात वीस वर्षं शिपाई होता. साहेबांच्या खुर्चीमागं उभं राहून त्यानं इतके निकाल ऐकले होते, की निवृत्त झाल्यावर तो स्वतःच निकाल द्यायला लागला. एका रविवारी सकाळी तो वर्तमानपत्राचा तुकडा हलवत आमच्या दारात आला.

"भीमाप्पा, पेढं काढ. तुझ्या जयाची नोकरी आली रं!"

नोकरी आली नव्हती, जाहिरात आली होती. पण रवळू या दोन्हीत फरक करत नाही. निपाणीत तंबाखू पिकवणाऱ्यांच्या एका संघाची कचेरी होती. तिथं आकडेवारी सहायकाची एक जागा भरायची होती. गावोगावच्या लागवडीचे आणि पिकाचे आकडे गोळा करून ते जुळवायचे, असं काम. उमेदवार पदवीधर पाहिजे आणि पदवीचा विषय आकडेमोडीचा पाहिजे. अर्ज पंधरा दिवसांत, स्वतः येऊन द्यायचा.

जाहिरात मी मोठ्यानं वाचली. मी वाचायला अडतिसाव्या वर्षी शिकलो, त्यामुळं अजून ओळीखाली बोट ठेवून वाचतो, आणि घरच्यांना ऐकायला पुरेसा वेळ मिळतो. "विषय आकडेमोडीचा" इथं माझं बोट थांबलं. स्वयंपाकघरातून शेवंताचा, म्हणजे माझ्या बायकोचा, आवाज आला.

"अवो, भूगोल आकडेमोडीचा व्हय?"

आणि घरातले सगळे माझ्याकडं बघायला लागले.

त्याला कारण होतं. जयाला, म्हणजे माझ्या पोरीला, बी.ए.ला अर्थशास्त्र घ्यायचं होतं. भूगोल मी घ्यायला लावला. प्रौढ साक्षरता वर्गात भिंतीवर एक मोठा नकाशा होता. बाराखडी संपल्यावर गुरुजींनी छडी हातात दिली आणि म्हणाले, "भीमाप्पा, तुमचं गाव शोधा." अर्धा तास शोधलं. मग बेळगावच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'काकती' सापडलं. माझ्या आयुष्यात कोणाच्या मदतीशिवाय वाचलेला तो पहिला शब्द. ज्या माणसानं आमचं एवढंसं गाव न विसरता कागदावर मांडलं, त्याच्याएवढा शिकलेला माणूस जगात नसणार, अशी माझी त्या दिवशी खात्री झाली. पुढं पोरीच्या अर्जावर 'भूगोल' लिहिताना मी पेनसुद्धा माझं दिलं होतं.

आता पदवी मिळून दीड वर्ष झालं होतं आणि जया घरात बसून होती. नंदगडचं एक स्थळ येऊन बसलेलं होतं. मुलगा बरा होता, पण जयाला इतक्यात लग्न नको होतं. शेवटी असं ठरलं, की वर्ष संपेपर्यंत नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर जानेवारीत नंदगडच्या माणसांना बोलवायचं. म्हणजे भूगोलात आकडे नसतील, तर पोरीचं जे काही होईल त्याला सर्वस्वी जबाबदार मी. हे मला कोणी बोलून दाखवलं नाही. शेवंतानं ताट फक्त जरा जोरात ठेवलं.

सोमवारी रजा टाकून मी आणि जया निपाणीला गेलो. कचेरीत हुक्केरी नावाचे क्लार्क होते. माणूस स्वभावानं वाईट नव्हता. पण समोर छापील कागद असला की त्यांना त्यापलीकडचं दिसत नसे. त्यांनी जयाचं प्रमाणपत्र वाचलं, टेबलाच्या काचेखालची यादी वरपासून खालपर्यंत बोटानं तपासली आणि मान हलवली.

"भूगोल इल्लरी. यादीत न्हाई."

मी यादी वाचायला मागितली. गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, वाणिज्य, पदार्थविज्ञान, रसायन, अभियांत्रिकी. आणि शेवटी: 'व अशा प्रकारचे इतर विषय'.

"साहेब, ह्या इतर विषयांत काय काय येतं?"

"इतर विषय म्हंजे इतर विषय."

"त्यात भूगोल येत न्हाय कशावरनं?"

हुक्केरींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तसं आजवर कोनी विचारलंच न्हाई बघा. परवा गोकाकची एक मुलगी आलती, मानसशास्त्रवाली. ती म्हनली, आम्ही मान्साच्या मनाची सरासरी काढतो. तिला पन दाखला आना म्हनलं. तुमी पन आना. भूगोलात आकडे असतात, असा दाखला."

"कुनाचा?"

"ज्याला म्हाईत आहे, त्याचा."

परतीच्या बसमध्ये जया खिडकीबाहेर बघत बसली. माझं मन मात्र त्या मानसशास्त्रात अडकलं होतं. माणसाच्या मनाची सरासरी! उदाहरणार्थ आमच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या मनाची सरासरी काढली, तर ती रवळूच्या बाजूला झुकेल की अक्काताईच्या? अशा विचारात संकेश्वर मागं पडलेलं मला कळलं नाही.

ही अक्काताई म्हणजे आमच्या समोरच्या घरातली म्हातारी. तिच्या दारातला दगडी कट्टा ही आमच्या गल्लीची कचेरी. तिथं त्या संध्याकाळी माझा प्रश्न सुनावणीला निघाला.

"सगळ्यात जास्त आकडं इतिहासात," रवळूनं निकाल दिला. "नुसत्या सनावळ्या! पोरीला इतिहास द्यायचास, भीमाप्पा. चुकलास."

"सन म्हंजे काय आकडा न्हवं," भरमा म्हणाला. भरमा भजनात पखवाज वाजवतो. "त्याची बेरीज करतंय का कोन? खरं गणित संगीतात. सोळा मात्रा. एक चुकली की सगळी मान्सं वळून बघत्यात."

"मग माझ्या भाकरीत काय कमी आकडं हाईत व्हय?" अक्काताई म्हणाली. "मापाला पाणी किती, चुलीला जाळ किती. मला बी द्या म्हनावं पदवी."

सगळे हसले. मी मात्र गंभीर झालो. कारण मी उलट बाजूनं शोधायला लागलो होतो, की ज्यात आकडा अजिबात नाही असा विषय कुठला? वाळूच्या किती पाट्यांना चिकणमाती किती हा आकडा. बस किती वाजता हा आकडा. मरणाला तेरा दिवस. आकड्यातून सुटलेली गोष्ट मला सापडेना. असं असताना एकट्या भूगोलाला बाहेर उभं करणं हा मला सरळसरळ अन्याय वाटला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन जयाच्या देसूरकर सरांना गाठलं. सरांनी प्रश्न ऐकला आणि ते खुर्चीतून उठलेच. "भूगोलात आकडे नाहीत? पावसाची सरासरी कोण काढतं? लोकसंख्येची घनता? नकाशाचं प्रमाण?" त्यांनी रागाच्या भरात दीड पान दाखला लिहून दिला. एवढा रागावलेला दाखला मी पुन्हा पाहिला नाही. मला इतका आनंद झाला, की मी अर्ध्या दिवसाची रजा पूर्ण दिवसाची केली.

पुन्हा निपाणी. हुक्केरींनी तो दाखला दोनदा वाचला. "सर म्हनतात, आकडे प्रात्यक्षिकात असतात. म्हंजे प्रात्यक्षिकाची वही दाखवायला पायजे."

पुन्हा बेळगाव. प्रात्यक्षिकाच्या वह्या परीक्षेनंतर कॉलेजात जमा होतात, आणि दर उन्हाळ्यात रद्दीत जातात. जयाची वही कुठल्या तरी वाण्याकडं पुड्या होऊन सगळ्या बेळगावात पोचली होती. भूगोलाचा प्रसार म्हणून ते चांगलंच झालं, पण आमच्या काही उपयोगाचं नव्हतं.

देसूरकर सरांनी उपाय सांगितला. "जया, नवा नकाशा काढ. तुझ्या गल्लीचाच काढ. प्लेन टेबल घेऊन जा कॉलेजचं. अंतरं मोज, प्रमाणात मांड, खाली सही कर. बघू कसा नाकारतात ते."

प्लेन टेबल म्हणजे तीन पायांवर उभा राहणारा पाट. त्यावर कागद लावायचा आणि लांबची खूण नेमून रेघ ओढायची. सोबत सामानाची एक पेटी, मोजायची फीत आणि तांबडे-पांढरे पट्टे रंगवलेले दोन बांबू. हे सगळं बसच्या टपावर चढवून आम्ही काकतीला आणलं. घरी येऊन बघतो तर पेटीतली, कागदावर अंतरं मांडायची, मापाची पट्टी गायब.

"त्यात काय," मी म्हणालो, "माझी घे."

माझी पट्टी पोलादी, एक फुटाची. ती मला आमच्या फौंड्रीतल्या आण्णाप्पानं दिली होती. आण्णाप्पा साच्यासाठी लाकडाचे नमुने करणारा सुतार. मी ज्या आठवड्यात आकडे वाचायला शिकलो, त्याच आठवड्यात त्यानं नवी पट्टी घेतली आणि जुनी माझ्या हातात ठेवली. "घे, भीमाप्पा, आता तुला वाचता येतंय." कोपऱ्यात इंग्रजीत काहीतरी खोदलं होतं, पण ते वाळूनं झिजून गेलं होतं. एक ते बारा आकडे मात्र ठळक होते. त्या पट्टीवर माझा फार जीव. घरातलं फडताळ मी तिनंच मोजून केलं होतं. ते कोनाड्यात बसलं नाही, जरा मोठं झालं, आणि शेवंता अजून तो विषय काढते. पण तो दोष ओल्या लाकडाचा, असं मी तिला आणि स्वतःला सांगत आलो होतो.

रविवारी सकाळी मोजणी सुरू झाली. गल्लीच्या एका टोकाला मी बांबू धरून, दुसऱ्या टोकाला रवळू बांबू धरून, मध्ये टेबलावर वाकलेली जया. बांबू सरळ धरायचा, हलायचं नाही, असा हुकूम होता. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस तांबडा-पांढरा बांबू धरून स्वतःच्या गल्लीत पुतळ्यासारखा उभा आहे, हे दृश्य लोकांना विचारात पाडणारं असतं. पहिली दहा मिनिटं लोक नुसते विचारात पडले. अकराव्या मिनिटाला कोणीतरी म्हणालं,

"सीमा ठरायला लागली वाटतं!"

बाहेरगावच्या वाचकांना यात काय एवढं, असं वाटेल. पण आमच्या भागात सत्तावीस वर्षं लोक एकच गोष्ट ऐकत आले होते, की एक दिवस कोणीतरी येणार आणि रेघ ओढणार. आता प्रत्यक्ष एक टेबल, एक कागद, दोन रंगीत बांबू आणि रेघ ओढणारी मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. ती मुलगी लहानपणापासून याच गल्लीत शेंबूड पुसत वाढलेली, हा तपशील गर्दी वाढेल तसा मागं पडत गेला.

अक्काताई काठी टेकत आली. "जये, ऐक. माझं घर कुटल्या बी राज्यात घाल, माझं काय म्हननं न्हाय. पर हीर आन् घर येकाच बाजूला ठेव गं. ह्या वयात पान्यासाठी परराज्यात जायला व्हनार न्हाय मला."

"आज्जी, ही सीमा न्हवं. गल्लीचा नकाशा हाय."

"व्हय व्हय, तुला सांगायची परवानगी नसनार. मी कुनाला बोलत न्हाय."

मग रांग लागली. एकानं चहा आणला. एकानं टेबलाला सावली म्हणून छत्री धरली. दोन घरं पलीकडच्या कानडी मास्तरीण बाईंनी विचारलं, की रेघ त्यांच्या अंगणातून जाणार असेल तर तुळशीला वळसा घालता येईल का. कोणाला रॉकेल ज्या बाजूला जास्त मिळतं ती बाजू पाहिजे होती. भरमानं पखवाज आणून ठेवला, का ते त्यालाही सांगता आलं नाही. आणि रवळू! त्यानं खुलासा करायचा की नाही? तो बांबूला हात लावून कोर्टातल्या आवाजात म्हणाला, "एकेकानं या. गलका करू नका. सगळ्यांचं ऐकून घेतलं जाईल."

मी माझ्या टोकाकडून ओरडून सांगत होतो, की हा भूगोलाचा दाखला आहे. पण हलायचं नाही असा हुकूम असल्यानं माझं ओरडणं चारशे फुटांवर पोचेना.

शेवटी धर्मराज आला. धर्मराज म्हणजे गल्लीतला पिठाच्या गिरणीचा मालक. त्याला कोणी निवडून दिलेलं नाही. पण गल्लीचा अध्यक्ष तोच, असं त्याचं स्वतःचं मत आहे.

"कुनाच्या हुकमानं मोजताय?"

"कॉलेजच्या सरांच्या," जया म्हणाली.

"लेखी दाखवा."

मी बांबू टाकून पळत आलो आणि देसूरकर सरांचा रागावलेला दाखला पुढं केला. धर्मराजानं तो वाचला. मग त्याची नजर कागदावरच्या नकाशावर गेली आणि तिथंच राहिली. जयानं सगळी घरं एका ओळीत मांडली होती. एकच गोष्ट त्या ओळीतून रस्त्यात आली होती.

"हे काय गं फुडं आलेलं?"

"तुमच्या गिरणीच्या पायऱ्या, काका. तीन फूट."

सगळ्या माना पायऱ्यांकडं वळल्या. धर्मराजाचा आवाज फार मऊ झाला. "पोरी, शिकलेली हाईस. नकाशा लई झ्याक आलाय. तेवढ्या पायऱ्या खोड की."

"मोजल्या तशा काढल्या, काका. खोडल्या तर नकाशा खोटा व्हईल."

धर्मराज गेला. पण जाताना जे बोलला ते सगळ्यांनी ऐकलं. "बघतो, कोन नोकरी देतंय ते. भूगोल म्हनं!" मला ते फार लागलं. मी परत जाऊन बांबू उचलला आणि कोणी सांगायच्या आत सरळ धरला.

दुपारपर्यंत नकाशा झाला. विहीर, वड, सत्तावीस घरं, तीन फूट पायऱ्या. गल्लीची लांबी चारशे ऐंशी फूट. खाली सुबक अक्षरांत: एका इंचाला चाळीस फूट. मी कोपऱ्यात आमचं घर शोधलं. यावेळी अर्धा तास लागला नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही नकाशा गुंडाळून निपाणीला गेलो. हुक्केरींनी तो टेबलावर पसरला. बराच वेळ बघितला. "आकडे आहेत," त्यांना कबूल करावं लागलं. "पन हे ठरवायचं आमच्या हातात न्हाई. साहेबांकडं चला."

व्यवस्थापक निलजकर साहेब जाड चष्म्याचे, कमी बोलणारे. त्यांनी नकाशा वाचला, टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि गल्लीच्या लांबीवर ठेवली. पुन्हा ठेवली. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा ठेवली.

"चारशे ऐंशी फूट लिहिलंय. चाळिसानं भागले तर बारा इंच. बरोबर?"

"व्हय साहेब," जया म्हणाली.

"मग ही रेघ माझ्या पट्टीच्या बाहेर का येते?"

आम्ही वाकून बघितलं. पट्टी बारा इंच आणि रेघ तिच्यापेक्षा एक सूत पुढं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"एक सूत म्हणजे पाच फूट," साहेब म्हणाले. "पाच फूट गल्ली तुम्ही कुठून आणली?"

दाराशी उभ्या हुक्केरींनी सुस्कारा सोडला. "मी म्हनलो न्हवतो? आकडे आहेत, पन चुकीचे आहेत."

माझ्या डोळ्यांपुढं धर्मराज, त्याच्या पायऱ्या आणि नंदगडची माणसं, सगळे एका ओळीत उभे राहिले.

जया मात्र घाबरली नाही. लहानपणी हरवलेली वस्तू शोधताना तिच्या कपाळावर एक आठी पडायची, ती पडली. "साहेब, तुमची पट्टी द्या जरा." तिनं विहिरीपासून वडापर्यंतचं अंतर मोजलं. "हे सहा इंच पायजे. अर्धं सूत जास्त." मग दुसरं मोजलं. "हे तीन इंच पायजे. पाव सूत जास्त." ती सरळ उभी राहिली. "साहेब, मोजण्यात चूक असती तर एका जागी जास्त, एका जागी कमी आलं असतं. हे सगळीकडं सारखंच वाढलंय. शहाण्णवाला एक. म्हणजे मोजणी बरोबर हाय. पट्टी लांब हाय."

आणि ती माझ्याकडं वळली. "आप्पा, ती पट्टी कुटली?"

पट्टी माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होती. ती नेहमीच असते. मी काढली आणि साहेबांच्या पट्टीशेजारी ठेवली. पोलादी पट्टी एक सूत पुढं. त्याच क्षणी मला दोन गोष्टी समजल्या. एक म्हणजे आमचं फडताळ कोनाड्यात का बसलं नाही. दुसरी सांगणं भाग होतं.

"साहेब, चूक माझी," मी म्हणालो. "ही पट्टी नमुने करनाऱ्या सुताराची. वितळलेलं लोखंड थंड होताना आखडतं. फुटाला एक सूत. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. प्रत्येक वेळी हिशेब करायला नको म्हणून त्यांची पट्टीच लांब असते. आमच्या आण्णाप्पानं दिली मला. मी वीस वर्षं तेच काम करतोय, पर हे ध्यानात आलं न्हाय. पट्टीवर बारा लिहिलंय, मी बारा वाचलं."

मनात आलं, वाचायला शिकलो नसतो तर ही पट्टी माझ्याकडं आलीच नसती. कोपऱ्यात झिजून गेलेलं इंग्रजी ही पट्टी लांब आहे हेच सांगत असणार.

निलजकर साहेब दोन्ही पट्ट्या उलटसुलट करून बघत होते. "मग आता हा नकाशा फाडायचा का?" त्यांनी जयाला विचारलं.

"कशाला, साहेब? नकाशा बरोबरच हाय. फक्त खालचं प्रमाण बदलायचं." तिनं हुक्केरींकडून कागद घेतला, चार ओळी लिहिल्या. "एका इंचाला चाळीस न्हवं, एकोणचाळीस फूट सात इंच."

"आणि याच्यावरून कोणी जमिनीचं क्षेत्र काढलं असतं तर?"

"लांबी बी वाढली, रुंदी बी वाढली. अठ्ठेचाळीस एकराला एक एकर फुकटचा आला असता."

साहेब पहिल्यांदाच हसले. त्यांनी कपाटातून एक जाड फाईल काढून टेबलावर टाकली. "वीस गावांचे आकडे येतात आमच्याकडं. एका गावाचं पीक तीन वर्षं सारखंच कमी पडतंय. शेतकरी शपथ घेऊन सांगतात, पीक कमी नाही. मी हुक्केरींना पाच वेळा बेरीज करायला लावली. बेरीज बरोबर आहे." ते जयाकडं वळले. "बेरीज सगळ्यांना येते हो. आकडा कुठं लांबला हे शोधणारं कोणी मिळत नाही."

"त्या गावची रान मोजायची साखळी कुणी तपासली का, साहेब?" जयानं विचारलं. "जुनी साखळी कड्या झिजून लांब होते. मग रान कागदावर कमी दिसतं, आन् पीक बी."

साहेबांनी फाईल जयाच्या बाजूला सरकवली. त्यांनी हुक्केरींना एवढंच सांगितलं, "अर्ज घ्या."

"पन साहेब, भूगोल यादीत—"

"घाला."

हुक्केरींनी टेबलाची काच उचलली, यादी बाहेर काढली आणि 'इतर विषय' याच्या आधी शाईनं 'भूगोल' लिहिलं. मग जरा थांबले, माझ्याकडं बघितलं आणि त्याच्याखाली 'मानसशास्त्र' पण लिहिलं. "ती गोकाकची मुलगी," ते म्हणाले. "तिला आज पत्र टाकतो. अर्जाची शेवटची तारीख आजची हाय, पन मी परवाची समजतो." मघाशी मी या माणसाबद्दल मनात जे बोललो होतो ते सगळं मागं घेतलं.

पुढं लेखी परीक्षा झाली. अकरा जण बसले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जयाच्या नावाचं पत्र आलं. पत्र मीच वाचलं, बोट ठेवून, आणि घरातल्या कोणीही घाई केली नाही. नंदगडच्या माणसांना आम्ही नमस्कार कळवला. धर्मराजानं त्याच महिन्यात पायऱ्या काढून आतून जिना केला; का, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. अक्काताई मात्र अजून अधूनमधून जयाला बाजूला घेऊन विचारते, की हीर नक्की हिकडंच घातलीस न्हवं?

आण्णाप्पाला मी सगळी हकीकत सांगितली. तो इतका हसला की हातातलं लाकूड खाली पडलं. पट्टी परत घे म्हणालो तर घेईना. शेवंतानं फडताळाचं कारण ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "म्हंजे लाकूड ओलं न्हवतं." नऊ वर्षांचा विषय एका वाक्यात मिटला, माझ्या विरुद्ध.

दोन वर्षांनी त्या कचेरीत आणखी एक जागा निघाली. रवळू पुन्हा वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन आला. विषयांच्या यादीत भूगोल छापून आला होता, मानसशास्त्रही होतं. मी बोट ठेवून सावकाश वाचत खाली आलो. शेवटी एक नवी सूचना होती, आणि ती कोणामुळं छापली हे मला नाव नसतानाही कळलं:

'उमेदवाराने मोजपट्टी घरून आणू नये. पट्टी कचेरीतून मिळेल.'

तो तुकडा मी बाबासाहेबांच्या तसबिरीमागं, जयाच्या प्रमाणपत्राशेजारी जपून ठेवला आहे. घरी कोणी शिकलेला पाहुणा आला, की मी तो काढून दाखवतो. वर्तमानपत्रात माझ्याविषयी आजवर छापून आलेलं तेवढंच आहे.